जुन्या नॉर्वेजियन कागदपत्रांचे एआयच्या साहाय्याने लिप्यंतर : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिजिटलआर्किव्हेट' या संकेतस्थळावर चर्चच्या नोंदवह्या, जनगणनेचे तक्ते, न्यायालयीन कामकाजाच्या वह्या, मृतांच्या मालमत्तेच्या वाटणीचे कागद आणि गहाणखतांच्या नोंदी यांची लक्षावधी पाने कोणतेही शुल्क न भरता पाहता येतात. ती वाचणे मात्र आजच्या सुशिक्षित नॉर्वेजियन माणसालाही सहसा जमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथील बहुतेक लेखन गॉथिक वळणाच्या धावत्या हस्ताक्षरात होत असे, आणि 1814 पर्यंत देश डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली असल्यामुळे लेखनाची भाषा डॅनिश होती. स्वीडनशी संयुक्त राज्य झाल्यानंतरही अधिकारी आणि धर्मगुरू दीर्घकाळ डॅनिशमध्येच लिहीत राहिले. गेल्या काही वर्षांत हस्ताक्षर ओळखणाऱ्या एआय साधनांनी हे काम पुष्कळ सुकर केले आहे. तरीही या साधनांच्या चुका कशा प्रकारच्या असतात हे ठाऊक नसताना केलेले लिप्यंतर दिसायला सुबक आणि वापरायला धोक्याचे असते, म्हणून या लेखात साधनांइतकाच भर तपासणीवर दिला आहे.

मराठी वाचकाला या कामाची गरज दोन-तीन कारणांनी पडू शकते. नॉर्वेत स्थायिक झालेल्यांना आपण विकत घेतलेल्या जुन्या घराचा किंवा शेतवाडीचा इतिहास शोधायचा असतो. काहींच्या कुटुंबात विवाहामुळे नॉर्वेजियन पूर्वज आलेले असतात. तिसरे कारण आपल्या इतिहासाजवळचे आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी, म्हणजे ट्रांकेबार, ही वसाहत डेन्मार्कने 1620 मध्ये स्थापन केली आणि 1845 मध्ये इंग्रजांना विकली. तिचे तंजावरच्या भोसले दरबाराशी व्यवहार होते आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचा गव्हर्नर असलेला पीटर आंकर हा नॉर्वेजियन होता. त्या वसाहतीचे कागद कोपनहेगनच्या अभिलेखागारात असले, तरी त्यांची लिपी आणि भाषा नॉर्वेतील कागदांसारखीच असल्याने पुढील पद्धत तेथेही लागू पडते.

आधी पाहावे : हे काम कोणी केलेले आहे का?

लिप्यंतराला हात घालण्यापूर्वी डिजिटलआर्किव्हेटवरील शोध-सुविधेत गाव, व्यक्ती आणि वर्ष घालून पाहावे. 1801, 1865, 1875, 1891, 1900, 1910 आणि 1920 या वर्षांच्या जनगणना नावानिशी शोधता येतात आणि चर्चच्या पुष्कळशा नोंदवह्यांचेही टंकन झालेले आहे. माणसांनी वाचून नोंदवलेला मजकूर निर्दोष नसतो, पण यंत्राकडून तेच पान पुन्हा वाचून घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्या मजकुराची छायाचित्राशी तुलना करणे अधिक फलदायी ठरते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी जनगणना 100 वर्षे बंद ठेवली जाते आणि अलीकडच्या काळातील बाप्तिस्म्याच्या नोंदीही खुल्या नसतात, त्यामुळे विसाव्या शतकातले काही हवे असल्यास ही मर्यादा आधीच लक्षात घ्यावी.

टंकन झालेले नसेल तर मूळ छायाचित्र उतरवून घ्यावे. प्रत्येक पानाला एक स्थायी ओळख-क्रमांक असतो. तो फाइलच्या नावातच लिहून ठेवावा, कारण चार महिन्यांनी 'पान कोठले होते' याचा शोध घेणे लिप्यंतरापेक्षा कठीण जाते. छायाचित्र पूर्ण आकारातच उतरवावे. पडद्याचे चित्र टिपून घेणे किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवणे टाळावे. त्यात चित्र दाबले जाते आणि बारीक रेषा, टिंबे व अक्षरांवरील चिन्हे नाहीशी होतात. या लिपीत नेमका त्यांच्यावरच अर्थ अवलंबून असतो.

हस्ताक्षराची जुजबी ओळख

एआय वाचून देणार असताना लिपी शिकायची कशाला, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. तपासणी करण्यासाठी, हे त्याचे उत्तर आहे. मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक असते की धावत्या लिपीत सुटे अक्षर फारसे उपयोगी पडत नाही, लिहिणाऱ्याच्या हाताची ढब ओळखावी लागते. गॉथिक हस्ताक्षराचेही तसेच आहे. या लिपीतले 'ई' आजच्या 'एन'सारखे दिसते, त्यामुळे 'ई', 'एन', 'एम' आणि 'यू' ही अक्षरे सलग आली की केवळ उभ्या दांड्यांची रांग उरते. 'यू' वेगळे कळावे म्हणून त्याच्या डोक्यावर लहानशी कमान काढत. 'एन' किंवा 'एम' अक्षर दुहेरी असल्यास पुष्कळदा एकच लिहून त्यावर आडवी रेघ देत. 'एस'चे दोन आकार असतात, शब्दाच्या आरंभी व मध्ये लांब आणि शेवटी आखूड; लांब 'एस', 'एच' आणि 'एफ' यांत घोटाळा होतो. आज वापरले जाणारे 'ए'वर वर्तुळ असलेले अक्षर नॉर्वेजियन लेखनात अधिकृतपणे 1917 मध्ये आले. त्यापूर्वी त्या ठिकाणी 'ए' लागोपाठ दोनदा लिहिला जाई. एकाच ओळीत दोन लिप्या येणेही सामान्य आहे, कारण अनेक धर्मगुरू डॅनिश मजकूर गॉथिक वळणात आणि लॅटिन शब्द वा विशेषनामे लॅटिन वळणात लिहीत. यंत्राची गाडी अशा ठिकाणी हमखास घसरते.

ज्या वहीवर काम करायचे तिची दोन-तीन पाने घेऊन, ज्या शब्दांबद्दल शंका नाही (महिन्यांची नावे, छापील शीर्षकाखाली येणारे ठरीव शब्द, वारंवार येणारी नावे) त्यांवरून त्या लेखकाच्या अक्षरांचा एक तक्ता तयार करावा. धर्मगुरू बदलला की हस्ताक्षर बदलते आणि तक्ता पुन्हा करावा लागतो. हे काम कंटाळवाणे वाटले तरी वगळू नये.

कागदाचा प्रकार ओळखणे

नॉर्वेतील सर्वांत जुनी उपलब्ध चर्च-नोंदवही आंदेबू येथील असून ती 1623 पासूनची आहे. जुन्या नोंदवह्यांमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी कित्येकदा एकामागून एक सलग मजकुरात येतात. 1812 नंतर ठरावीक रकान्यांचे तक्ते आले आणि त्याचबरोबर धर्मगुरूच्या वहीशिवाय चर्चमधील सेवकाने, म्हणजे 'क्लोकर'ने, स्वतंत्र दुसरी वही ठेवण्याची पद्धत सुरू झाली. लिप्यंतर करणाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी वही अनमोल आहे: तीच घटना, वेगळे हस्ताक्षर. ती टिकून राहिली असेल तर तिची छायाचित्रेही आरंभीच उतरवून ठेवावीत.

सलग मजकुराचे पान आणि रकान्यांचे पान यांना यंत्र वेगळ्या रीतीने हाताळते, म्हणून हा भेद पुढील पायरीवर कामी येतो.

साधनाची निवड

आज उपलब्ध असलेली साधने दोन जातींची आहेत. पहिली जात खास हस्ताक्षर ओळखण्यासाठी घडवलेल्या प्रणालींची. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथून चालवले जाणारे ट्रान्सक्रिबस यांत सर्वाधिक परिचित आहे. ते ब्राउझरमध्ये चालते आणि थोड्या पानांपर्यंत विनामूल्य वापरता येते. संगणकाची बरी माहिती असलेल्यांना ई-स्क्रिप्टोरियम आणि त्यामागील क्राकेन हा मुक्त स्रोत पर्याय आहे. या प्रणालींत काळ, भाषा आणि लिपी पाहून 'मॉडेल', म्हणजे विशिष्ट हस्ताक्षरांच्या नमुन्यांवर शिकवलेली वाचन-यंत्रणा, निवडावे लागते. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सहभागातून तयार झालेले 'नॉरहँड' हे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील नॉर्वेजियन हस्तलिखितांसाठी आहे. पत्रे आणि दैनंदिनी यांसाठी ते चांगले. मात्र 1750 च्या चर्च-नोंदवहीवर ते चालवून निराश होण्यात अर्थ नाही. तेथे त्या काळातील डॅनिश गॉथिक हस्ताक्षरावर शिकवलेले मॉडेल निवडावे. केवळ 'नॉर्वेजियन' हे नाव पाहून निवड करणे ही नवशिक्यांची नेहमीची गफलत असते. नावापेक्षा मॉडेलच्या माहितीत दिलेला काळ आणि लिपी पाहावी.

दुसरी जात चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारख्या संवादी मॉडेलांची. त्यांना चित्र दाखवून मजकूर मागता येतो, मॉडेल निवडण्याची वा ओळी आखण्याची खटपट नसते आणि निकाल अनेकदा आश्चर्य वाटावे इतका चांगला येतो.

दोहोंच्या चुकांत मूलभूत फरक आहे आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. हस्ताक्षर ओळखणारी प्रणाली चुकते तेव्हा बहुधा अर्थहीन अक्षरसमूह देते. तो डोळ्यांना खुपतो आणि आपण छायाचित्राकडे वळतो. संवादी मॉडेल चुकते तेव्हा त्या जागी शोभेल असा दुसरा, पूर्ण शुद्ध आणि त्या काळी खरोखर प्रचलित असलेला शब्द देते. दुर्मीळ नावाच्या जागी ओले, हान्स किंवा अ‍ॅने येते, अस्पष्ट शेतवाडीच्या जागी दुसऱ्याच एखाद्या खऱ्या शेतवाडीचे नाव येते, आणि जुने वर्णलेखन गुपचूप आधुनिक होते. वाक्य वाचताना कोठेही अडखळायला होत नाही, म्हणून चूक सापडत नाही. यावरून संवादी मॉडेल वापरू नये असा निष्कर्ष मी काढत नाही. शक्य असल्यास दोन्ही प्रकारच्या साधनांकडून एकच पान वाचून घ्यावे आणि जेथे त्यांचे उत्तर जुळत नाही ती प्रत्येक जागा स्वतः पाहावी. त्यांचे एकमत झालेली जागा बरोबर असेलच असे नाही, पण मतभेदाची जागा लक्ष देण्यासारखी असते हे निश्चित.

पान वाचून घेणे

ट्रान्सक्रिबसमध्ये क्रम असा असतो : छायाचित्र चढवणे, ओळींची आखणी करून घेणे, मॉडेल चालवणे, दुरुस्ती करणे आणि निर्यात. नवशिके दुसऱ्या टप्प्यावर घाई करतात. दोन समोरासमोरची पाने एकाच चित्रात असल्यास यंत्र डावीकडील ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून टाकते. म्हणून चित्र आधी मध्यावर कापावे. रकान्यांच्या पानावर रकाने वेगळे आखावेत, अन्यथा बाळाचे नाव, आईवडिलांचे नाव आणि साक्षीदारांची नावे एकाच ओळीत मिसळतात. समासातील टिपांचे चौकोन स्वतंत्र करावेत, आणि मागील पानाची शाई झिरपून उमटलेल्या जागी यंत्राने काल्पनिक ओळी आखल्या असतील तर त्या पुसाव्यात. ओळी नीट बसल्यावर आलेला निकाल आणि न बसता आलेला निकाल यांत इतका फरक असतो की मॉडेल बदलण्याआधी आखणी सुधारून पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

संवादी मॉडेलला संपूर्ण पान एकदम देऊ नये. मोठे चित्र ही मॉडेले आतल्या आत लहान करतात आणि मग बारीक अक्षर हरवते. आठ-दहा ओळींचे तुकडे, प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याची शेवटची ओळ पुन्हा घेऊन, द्यावेत. सूचना स्पष्ट असावी. उदाहरणार्थ : 'हे अठराव्या शतकातील डॅनिश भाषेतील, गॉथिक हस्ताक्षरातील चर्च-नोंदवहीचे पान आहे. जसे लिहिले आहे तसेच, ओळीला ओळ ठेवून उतरवा. वर्णलेखन आधुनिक करू नका, संक्षेप सोडवू नका, भाषांतर करू नका. ज्या शब्दाची खात्री नाही त्यापुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्या. जो वाचताच येत नाही तेथे तीन टिंबे द्या. तर्काने जागा भरू नका.' शेवटचे वाक्य घातले म्हणून तर्क थांबतो असे नाही, पण प्रश्नचिन्हांची संख्या वाढते आणि ती वाढलेली हवीच असते.

त्या गावातील शेतवाड्यांची यादी मॉडेलला आधीच द्यावी का? दिल्यास अचूकता वाढते, पण यादीत नसलेले नावही यादीतल्या नावात बसवले जाते. म्हणून पहिले वाचन यादीविना घ्यावे, दुसरे नव्या संवादात यादीसह घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

संक्षेप आणि तारखा

चर्चच्या नोंदवह्यांत संक्षेपांची रेलचेल असते. रोमन अंकी सातपुढे 'बीआर' लिहिलेले दिसले तर तो सातवा महिना जुलै नसून सप्टेंबर असतो. त्याच रीतीने आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि दहा म्हणजे डिसेंबर. संवादी मॉडेले येथे अधूनमधून फसतात. अठराव्या शतकात तारखेऐवजी रविवारचे धार्मिक नाव देण्याची पद्धत होती : 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' अशा अर्थाचा लॅटिन संक्षेप लिहून धर्मगुरू मोकळा होई. ट्रिनिटीचा रविवार ईस्टरनंतर 56 दिवसांनी येतो. 1755 मध्ये ईस्टर 30 मार्चला होता, तेव्हा ट्रिनिटीचा रविवार 25 मे आणि त्यानंतरचा तिसरा रविवार 15 जून. लिप्यंतरात मूळ संक्षेप तसाच ठेवावा आणि काढलेली तारीख वेगळ्या रकान्यात लिहावी. एआयने थेट तारीखच दिली असेल तर ती स्वीकारण्यापूर्वी हे गणित स्वतः करावे. डेन्मार्क-नॉर्वेने 1700 मध्ये पंचांग बदलले आणि 18 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला. त्या वर्षाच्या आधीच्या तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत हे विसरू नये.

तपासणी

एआयलाच 'हे बरोबर आहे का' असे विचारणे ही तपासणी होत नाही. पुरावा छायाचित्रात किंवा दुसऱ्या दस्तऐवजात हवा, आणि नॉर्वेजियन कागदांची रचना अशी आहे की असा पुरावा बऱ्याचदा हाताशी असतो.

नावांपासून सुरुवात करावी. ग्रामीण भागात वडिलांच्या नावावरून आडनाव बनत असे : ओलेचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सदातर. बापाचे नाव एक आणि मुलांच्या नावाची घडण दुसरीच असेल, तर दोहोंपैकी एक वाचन बहुधा चुकलेले आहे. त्यानंतर येणारे शेतवाडीचे नाव हा राहण्याचा ठिकाणा असतो. कुटुंब दुसरीकडे गेले की तेही बदलते, म्हणून एकाच माणसामागे दोन वेगळी नावे दिसली तरी ती चूक समजू नये. स्थिर वंशनाव कायद्याने आवश्यक झाले ते 1923 मध्ये. शेतवाड्यांची नावे पडताळण्यासाठी ओलुफ रीग यांनी आरंभलेला नॉर्वेजियन शेतवाड्यांच्या नावांचा बहुखंडी कोश आंतरजालावर शोधता येतो, आणि त्यात जुनी वर्णलेखनेही दिलेली आहेत. त्या परगण्यात ते नाव मुळीच सापडत नसेल तर आपले वाचन संशयास्पद मानावे.

मग नोंदींची आपापसांत गाठ घालावी. 1736 पासून 'कन्फर्मेशन', म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी चर्चमध्ये आपली श्रद्धा जाहीर करण्याचा विधी, सक्तीचा होता आणि तो साधारणतः चौदा ते अठरा वर्षे वयात होई. 1812 नंतरच्या तक्त्यांत त्या नोंदीत जन्म किंवा बाप्तिस्म्याची तारीख आणि देवीच्या लशीचा उल्लेखही सापडतो, कारण 1810 पासून लस घेतल्याशिवाय कन्फर्मेशन किंवा विवाह होत नसे. म्हणजे बाप्तिस्म्याची एक अस्पष्ट नोंद पंधरा वर्षांनंतरच्या पानावर, क्लोकरच्या वहीत आणि पुढे विवाहाच्या नोंदीत पुन्हा भेटू शकते. 1801 ची जनगणना मधल्या काळातल्या कुटुंबाची रचना दाखवते. असा एक धागा जुळला की यंत्राच्या दहा दाव्यांपेक्षा तो अधिक मोलाचा.

मालमत्ता-वाटणीच्या कागदांत आकड्यांची तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत कठोर असते. जुन्या व्यवस्थेत 1 रिक्सडालर म्हणजे 4 ऑर्ट किंवा 96 स्किलिंग. त्यामुळे ऑर्टच्या रकान्यात 3 पेक्षा मोठा आणि स्किलिंगच्या रकान्यात 23 पेक्षा मोठा आकडा सहसा येऊ नये. 1816 नंतरच्या स्पेसीडालरमध्ये 5 ऑर्ट, म्हणजे 120 स्किलिंग असत. गाय, कढई, बिछाना, बायबल अशा एकेका वस्तूची किंमत उतरवून झाल्यावर बेरीज करावी आणि पानाच्या तळाशी कारकुनाने मांडलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. जुळली तर आकडे बहुधा बरोबर वाचले गेले आहेत. जुळली नाही तर 1 आणि 7, किंवा 3 आणि 5 यांत कोठे गल्लत झाली ते शोधावे. अर्थात कारकुनाची बेरीजच चुकलेली असण्याची शक्यताही असते, आणि तसे असल्यास आपण ती सुधारू नये, तळटीप द्यावी.

भाषांतर नंतर

लिप्यंतर पक्के होईपर्यंत भाषांतर मागू नये. एकाच फेरीत दोन्ही मागितले की मॉडेल अर्थ जुळवण्यासाठी मजकूर वाकवते. तयार लिप्यंतराचे मराठी भाषांतर मागतानाही सामाजिक दर्जा दाखवणाऱ्या शब्दांची स्वतंत्र यादी ठेवावी. 'हुसमान' म्हणजे दुसऱ्याच्या शेतवाडीच्या हद्दीत घर, आणि कधीकधी थोडी जमीन, कामाच्या बदल्यात मिळालेला माणूस. 'लाइलेंदिंग' म्हणजे खंडाने जमीन कसणारा. 'सेल्वआयर' म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असणारा. 'इंदरस्त' म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणारा. या सर्वांना 'शेतकरी' म्हटले तर कुटुंबाचा निम्मा इतिहास नाहीसा होतो. असे शब्द मुळातच ठेवून एकदा टीप देणे मला अधिक योग्य वाटते.

प्रत्येक पानासाठी मूळ छायाचित्र, यंत्राचा कच्चा निकाल, आपण दुरुस्त केलेले लिप्यंतर आणि भाषांतर अशा चार फाइली वेगळ्या ठेवाव्यात, आणि कोणते साधन, कोणते मॉडेल व कोणत्या तारखेला वापरले ते नोंदवावे. मॉडेले झपाट्याने सुधारत असल्याने तीच छायाचित्रे पुढील वर्षी पुन्हा वाचून घ्यावीशी वाटतील, आणि त्या वेळी तुलनेसाठी कच्चा निकाल लागतो.

स्वतःचे मॉडेल केव्हा शिकवावे

एकाच धर्मगुरूने वीस-तीस वर्षे लिहिलेल्या जाडजूड वह्या समोर असतील आणि तयार मॉडेल दर दहा अक्षरांत एखादे चुकत असेल, तर ट्रान्सक्रिबसमध्ये त्या हस्ताक्षराचे स्वतंत्र मॉडेल शिकवण्याचा विचार करावा. त्यासाठी साधारण 5,000 ते 15,000 शब्दांचे, हाताने काटेकोर तपासलेले लिप्यंतर लागते, आणि त्यातील काही पाने शिकवताना वगळून परीक्षेसाठी राखून ठेवावी लागतात. पाने सलग घेऊ नयेत; वहीच्या आरंभीची, मधली आणि अखेरची, बाप्तिस्म्याची तशीच दफनाची, चांगल्या शाईची तशीच फिकट पडलेली, अशी मिसळून घ्यावीत, कारण वृद्धापकाळी थरथरत्या हाताने लिहिलेले अक्षर तरुणपणीच्या अक्षरावर शिकलेल्या मॉडेलला ओळखता येत नाही. शिकवण्याच्या मजकुरात संक्षेप कोठे सोडवलेले आणि कोठे तसेच ठेवलेले असतील तर मॉडेलही तीच विसंगती शिकते. दहा-वीस पानांचेच काम असेल तर या भानगडीत न पडता ती पाने हाताने दुरुस्त करणे लवकर होते.